चार चार अकरा

"ही काळी मोहरी म्हणजे काय?" फौजदारांनी विचारलं.

"बुद्धिबळातली, साहेब. काळ्या रंगाची."

"मोहरी काळीच असती की वो," दाराशी उभा असलेला हवालदार म्हणाला. "फोडणीची."

फौजदार हसले नाहीत. त्यांनी पोस्टकार्ड उजेडाकडे धरलं आणि सावकाश वाचलं. "'या डावात आपणांस काळी मोहरी. माझी पहिली खेळी ५२५४. इकडे थंडी सुरू झाली आहे.' थंडी म्हणजे काय?"

"थंडीच, साहेब. दिवाळी नुकतीच झाली होती."

शेजारच्या खोलीतून खोकला ऐकू आला. दोनदा, कोरडा. बावीस वर्षं खडूची धूळ खाल्लेला तो खोकला मी झोपेतही ओळखला असता. म्हणजे हे तिथे होते. निदान बसलेले होते, खोकत होते. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

हे एकोणीसशे शहात्तरच्या एप्रिलमधलं. आणीबाणीला दहा महिने झाले होते. आमच्या तालुक्याच्या गावातून तोवर चार माणसं नेलेली होती आणि त्यांतलं एकही परत आलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी नऊला यांना शाळेतून उचललं. चौथीचा वर्ग चालू होता. शाळेचा शिपाई सायकल आपटत घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, गुरुजींना ठाण्यात नेलं. पत्रांचं कायतरी म्हणत होते." पत्रं म्हटल्यावर मला कळलं. आमच्या घरी पत्रं फक्त माझी येत.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. पोस्टाने बुद्धिबळ खेळत होते. एका मासिकात पत्ता छापून आला होता, त्यावरून वऱ्हाडातले एक निवृत्त तारमास्तर, नीळकंठराव खोडके, माझे जोडीदार झाले. कधी पाहिलं नाही त्यांना. ते एका कार्डावर आपली खेळी लिहीत, मी दुसऱ्या कार्डावर माझी. एकेक डाव पाच-पाच महिने चाले. खेळी आकड्यांत लिहायची पद्धत होती. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकडे. मोहरं उचललं ते घर आणि ठेवलं ते घर, असे मिळून चार. पत्ता मात्र हे लिहीत. माझ्या अक्षराला हे कोंबडीचे पाय म्हणत. शाळेत जाताना कार्डही हेच पेटीत टाकत. आणि खाली सही 'श. बिरनाळे'. मी शालन, हे शांतिनाथ. 'श' दोघांचाही.

खोडके पकडले गेले होते. त्यांच्या घरी माझी सगळी कार्डं सापडली होती आणि ती जिल्ह्यावरून आमच्या ठाण्यात आली होती. मी त्यांची कार्डं आणि घडीचा पट पिशवीत घालून ठाण्यात गेले होते. का, ते मला सांगता यायचं नाही. पुरावा घरी ठेवायचा की जाळायचा की घेऊन जायचा, एवढा विचार करायला डोकं जागेवर नव्हतं.

"बाई," फौजदार म्हणाले. त्यांचं नाव टोणपे. साताऱ्याकडचे, रुंद हाडाचे, बोलायला हळू. मला भीती वाटली ती त्या हळू बोलण्याची. "श. बिरनाळे म्हणजे कोण?"

"मी."

"गुरुजी नाहीत?"

"त्यांना प्यादं कुठलं आणि उंट कुठला ते कळत नाही, साहेब. तुम्ही विचारून बघा."

"विचारलं," ते म्हणाले. "ते म्हणाले, सांगता येणार नाही."

"बघा की. येतच नाही तर कसं सांगतील?"

फौजदारांनी टेबलाच्या खणातून एक कार्ड वेगळं काढून माझ्यासमोर ठेवलं. माझंच होतं. बावीस मार्चचं. मी लिहिलं होतं: 'खेळी बाविसावी. ४४११. येथे सर्व क्षेम.'

"हे वाचा."

"चव्वेचाळीस अकरा."

"तसं नाही. मी कसं वाचतो ते ऐका. चार. चार. अकरा." त्यांनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं. "चार एप्रिल, अकरा वाजता. चार एप्रिलला रविवार होता. खोडक्यांच्या गावी बाजार असतो. बरोबर अकरा वाजता बाजारात तीन ठिकाणी पत्रकं उधळली. सरकारविरुद्ध. आता तुम्ही सांगा."

मी ते कार्ड लिहिलं तेव्हा स्वयंपाकघरात डाळ शिजत होती. त्या आकड्यांत तारीख असू शकते हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. आणि आता त्यात तारीख सोडून दुसरं काही दिसेना.

"ती खेळी आहे, साहेब," मी शेवटी म्हटलं. "वजीर हत्तीला मारतो."

"मांडा."

"काय?"

"पट आणलाय ना? मांडा. बुद्धिबळ मलाही कळतं थोडं. पहिल्यापासून खेळून दाखवा. त्यांची कार्डं मी वाचतो, तुमची तुम्ही वाचा. बघू खेळ आहे का खेळाचं सोंग."

मी पट मांडला. मोहरी मांडताना एक हत्ती हातातून सुटून टेबलाखाली गेला. हवालदाराने वाकून तो उचलून दिला. "साहेब, हत्ती फरार," तो म्हणाला. फौजदारांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तशी तो परत दाराशी जाऊन उभा राहिला.

दोन गठ्ठे टेबलावर होते. त्यांच्या गठ्ठ्यात माझ्या खेळ्या, माझ्या गठ्ठ्यात खोडक्यांच्या. एक कार्ड इकडचं, एक तिकडचं. फौजदार आकडे वाचत, बोटाने घरं मोजत आणि पांढरं मोहरं हलवत. मी काळं हलवत होते. मधूनमधून ते विचारत. "'ऊन वाढले आहे' म्हणजे काय?" "ऊन, साहेब." "'पायाला सूज आहे'?" "त्यांचं वय सत्तर आहे, साहेब." ते मान हलवत आणि पुढचं कार्ड घेत.

दहा खेळ्या झाल्या. खोकला आला. बारा झाल्या. मग बराच वेळ खोकला आला नाही. माझं लक्ष पटावर राहीना. एकदा मी चुकीचं प्यादं उचललं, तर फौजदार म्हणाले, "बाई, इकडं बघा. तिकडं काही होत नाही." मला ते खरं वाटलं नाही. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता.

चौदाव्या खेळीला फौजदार थांबले. पटाकडे बघत राहिले. "इथं प्यादं फुकट गेलं तुमचं."

"हो."

"का?"

"चुकले असेन."

त्यांनी त्या कार्डाचा कोपरा दुमडून ते बाजूला ठेवलं. म्हणजे संशयाची आता दोन कार्डं झाली.

बाविसाव्या खेळीला आम्ही पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. उन्हाचा पट्टा टेबलावर चढला होता. फौजदारांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आता सांगा. तुमचा राजा अजून आपल्या घरी आहे. मधली फळी मोकळी झालीय. इथं किल्लेकोट करायचा आणि राजाला कोपऱ्यात न्यायचं. माझा पोरगा सहावीत आहे, तो करंल. तुम्ही काय केलं? वजीर उचलला. तो मधे उभा राहून सगळी राखण करत होता. तो उचलून पार त्या टोकाला हत्ती मारायला धाडला. चव्वेचाळीसवरनं अकरावर. मग ह्यानं काय केलं?" त्यांनी खोडक्यांचं शेवटचं कार्ड वाचलं. "७३४६. पांढरा वजीर आत आला. पुढच्या खेळीला मात. राजाला हलायला जागा नाही. किल्लेकोटही आता करता येत नाही, वाटेतलं घर त्याच्या माऱ्यात आहे. डाव संपला. बरोबर?"

"बरोबर."

"एकवीस खेळ्या तुम्ही शहाण्या माणसासारख्या खेळला. त्या म्हाताऱ्याला घाम फोडला. आणि बाविसावीला असं? का?"

"हाव सुटली, साहेब. हत्ती फुकट दिसला."

"खोटं बोलता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "हावरा माणूस कळतो पटावर. आठव्या खेळीला घोडा फुकट होता, तो तुम्ही घेतला नाही. त्यात फास होता, तो तुम्हाला दिसला. अकराव्याला उंट होता, तोही नाही घेतला. आणि इथंच हाव? चार-चार-अकरालाच?"

मला उत्तर माहीत नव्हतं. हेच तर होतं. खोडक्यांचं ७३४६ आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पट मांडून पाहिला होता, हरल्याचं बघून शरमले होते आणि पट मिटून फळीवर टाकला होता. आपण असं का केलं याचा मी विचारच केला नव्हता. हरलेला डाव कोण उकरत बसतं? पण ती खेळी लिहिताना मला धाकधूक नव्हती, एवढं आठवत होतं. मी जिंकणार असं वाटून मी यांना म्हटलं होतं, आज कार्ड विसरू नका टाकायला.

"विचार करा," फौजदार म्हणाले. "घाई नाही. पण संध्याकाळच्या गाडीनं जिल्ह्याला कागद जातात. त्या कागदात मला एक कारण लिहायचंय. खेळाचं नाही सापडलं, तर दुसरं लिहावं लागंल. मग ते मिसाखाली, बिनखटल्याच्या कैदेत जाईल आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

शेजारी अजूनही खोकला नव्हता.

मी पटाकडे बघत राहिले. पांढरा वजीर आत येऊन बसलेला. माझा राजा कोंडलेला. पुढची खेळी माझी. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप काहीतरी करतो. माझा हात राजावर गेला. मी त्याला उचललं आणि ठेवलं. दोन घरं बाजूला, एक घर पुढे. प्यादं सरकल्याने तिथे बिळासारखी जागा मोकळी होती. राजा तिथे जाऊन बसला, आणि पांढऱ्याची मात हवेत गेली.

"आरं तिच्या," हवालदार म्हणाला. "राजा उडाला."

"घोड्याची चाल राजाला?" फौजदारांनी विचारलं. त्यांचं बोट पटावर तसंच राहिलं. मग त्यांनी मान वर केली. "कुणी शिकवलं तुम्हाला बुद्धिबळ?"

"वडिलांनी. सात वर्षांची असताना. जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, कट्ट्यावर खेळायचे ते, जुन्या देशी पद्धतीनं. पुस्तकातला खेळ मी लग्नानंतर शिकले."

"देशी," ते म्हणाले. "राजाला डावात एकदा घोड्याची उडी."

"एकदाच."

"शह बसल्यावर?"

"नाही. एकदा शह बसला की उडी गेली. त्याच्या आधी मारायची."

"आमच्या तात्यांनीबी तेच शिकवलं," फौजदार म्हणाले, आणि त्यांचं ते हळू, मोजकं, सरकारी बोलणं कुठेतरी सुटून गेलं. "चावडीत खेळायचे. उडी म्हंजे राजाची अब्रू म्हणायचे. ह्या ७३४६ला शह हाय का?"

"नाही. नुसता धाक आहे. म्हणून मला वाटलं, तो वजीर आत आणील, मी राजा उडवीन आणि मला हत्ती फुकट मिळेल." ते मलाही बोलता बोलताच कळत होतं. "मला नियम माहीत आहे, साहेब. ही उडी पुस्तकात नाही, माहीत आहे. वीस वर्षं मी तशी खेळले नाही. पण त्या दिवशी मनात तीच होती. विचारात नव्हती. आतच कुठेतरी होती."

"हे तुम्हाला आत्ता सुचलं नाही कशावरनं?"

मी राजाकडे बघत राहिले. फौजदार उठले, खोलीत एक फेरी मारली, परत बसले. त्यांनी कोपरा दुमडलेलं कार्ड उचललं. चौदाव्या खेळीचं. मग त्यांनी स्वतःच मोहरी मागे नेली, एकेक करून, चौदाव्या खेळीपर्यंत. त्यांचे ओठ हलत होते.

"इथं पांढरा उंट शह देणार होता," ते म्हणाले. "बिनविषारी शह. मधे प्यादं सरकवलं की संपला. पण तुम्ही तो बसूच दिला नाही. आधीच घोडा मागं घेतला, आणि त्यापायी प्यादं घालवलं." त्यांनी वर पाहिलं. "उडी जाऊ नये म्हणून."

मी मान हलवली. तोवर मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"ह्या कार्डावर शिक्का जानेवारीचा आहे," फौजदार हवालदाराला म्हणाले. जणू तो वरचा साहेब होता आणि त्याला पटवायचं होतं. "जानेवारीपासनं ही बाई राजाला जपतीय. पूर्ण डावात एक शह बसू दिला नाही. गुप्त आकडे लिहायचे असते, तर एवढा घोर कशाला केला असता?"

"कशाला करंल," हवालदार म्हणाला. त्याला काहीही कळलं नव्हतं.

फौजदारांनी सगळी कार्डं गोळा केली आणि सुतळीने बांधली. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढला. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. खाली यांची सही होती, ती मी लांबून ओळखली.

"गुरुजींचा जबाब," ते म्हणाले. "सकाळी दहाला दिलेला. तुम्ही यायच्या आधी." आणि त्यांनी मधूनच वाचलं: "'सदर पत्रे मी स्वतः लिहिली असून त्यांतील आकड्यांचा अर्थ मी सांगणार नाही. माझी पत्नी अल्पशिक्षित असून तिला बुद्धिबळ अगर तत्सम काहीही येत नाही. तिचा या पत्रांशी कोणताही संबंध नाही.'"

मी मॅट्रिक होते. सातवीच्या पुढचं इंग्रजी आपणच मला शिकवलं, असं हे सगळ्यांना सांगत.

"'सांगता येणार नाही' नव्हते म्हणाले ते," फौजदार म्हणाले. "'सांगणार नाही' म्हणाले. मी जरा बदलून सांगितलं तुम्हाला. बघावं म्हटलं, दोघांचं ठरलेलं आहे का." त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. "हा मी घेतलाच नाही. आणि बाई, पोस्टानं खेळणं आजपासनं बंद. पुढच्या वेळी इथं कुणी दुसरा असंल. त्याच्या बापानं त्याला देशी शिकवलं असंल-नसंल."

हे बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. फौजदारांना नमस्कार करताना त्यांचे हात जुळेनात.

रस्ता रिकामा होता. डांबर चपलेला चिकटत होतं. मी पिशवी घेऊन एक पाऊल मागून चालत होते. पंपाच्या पुढे, मारुतीच्या पाराशी आल्यावर ते थांबले, मागे वळून बघितलं, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "शालन, ते राजाचं... तिथं सांगितलंस ते पक्कं ना?"

"तुम्ही ऐकलंत?"

"भिंत पातळ आहे. ऐकत होतो म्हणून खोकलो नाही. नाही, म्हणजे उद्या परत बोलावलं तर मलाही तेच सांगायला पाहिजे."

"पक्कं काय? ते खरंच आहे."

"हो, हो. तेच म्हणतोय मी. खरंच आहे." त्यांनी परत मागे बघितलं. "मोठ्यानं बोलू नकोस."

"घरी गेल्यावर पट मांडून दाखवते."

"मला नको दाखवू," ते घाईने म्हणाले. "मला माहीत नसलेलंच बरं. मला मार सोसत नाही, शालन. विचारलं तर सांगून बसेन."

सकाळी दहा वाजता, मी ठाण्याची पायरी चढायच्या आधी, या माणसाने स्वतःला तुरुंगात घातलं होतं. आणि ते मी निर्दोष आहे असं वाटून नव्हतं.

जुलैत खोडक्यांचं कार्ड आलं. पत्रकं उधळणारा त्यांचा पुतण्या सापडला होता, त्यांना सोडून दिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'डाव आपण गमावलात, परंतु बाविसाव्या खेळीमागील आपला विचार अद्याप समजला नाही. कळवावे.' ते कार्ड यांनी माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि चुलीत घातलं. मी उत्तर लिहिलं नाही. कुणी सायकल उभी केली तरी आमच्या घरी बोलणं थांबायचं, असे ते दिवस होते. पट फळीवरून खाली आला नाही. रात्री यांना खोकला आला की मी जागी व्हायचे आणि तो थांबला की जागीच राहायचे.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आणीबाणी उठली. चौकात फटाके वाजले. नेलेल्या चौघांपैकी तिघे परत आले, त्यांना हार घातले. हे संध्याकाळी शाळेतून येताना पावशेर पेढे घेऊन आले. चप्पल काढली, दाराला कडी लावली, खिडकी ओढून घेतली आणि माझ्यासमोर पाटावर बसले. त्यांचे डोळे चमकत होते. लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा चमकले होते तसे.

"आता तरी सांग," ते म्हणाले. "कोण कोण होतं तुमच्यात?"

"कुणी नव्हतं हो," मी म्हटलं. "राजा उडी मारेल असं मला वाटलं होतं. तेवढंच."

त्यांनी मान हलवली, वर्गातल्या हुशार मुलीकडे बघून हलवत तशी.

"नसेल सांगायचं तर राहू दे," ते म्हणाले, आणि पुड्यातला पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.